पौषात तोरणमाळला कोण जातं?

सुपडूभाऊ, तुमच्या दहाव्याला कावळा पिंडाला लगेच शिवला. नदीवर जमलेले सगळे म्हणाले, मोकळा माणूस होता, मागे काही ठेवलं नाही. मला त्या कावळ्याचाच संशय आला. तुमच्यासारखा माणूस मागे काही न ठेवता जाईल यावर माझा काडीचाही विश्वास नाही. निदान माझ्या एका प्रश्नाचं उत्तर तरी तुमच्याकडे राहिलं होतं.

तो प्रश्न मी तुम्हाला दर भाऊबीजेला विचारायचो. तुम्ही सावद्याहून केळ्यांच्या फण्या घेऊन भुसावळला आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये यायचात. तुमची बहीण, माझी सिंधू, ताट घेऊन समोर उभी, तुम्ही पाटावर बसलेले, उठून पळायची सोय नाही, अशी वेळ साधून मी म्हणायचो, "भाऊ, आज देवासमोर खरं सांगा. त्या पौषात तुम्ही मला तपासायलाच नेलं होतं ना?" तुम्ही टोपी सारखी करायचात. "काही बी काय बाबू! मी थंडी हवा खायाले गेल्तो. तुमीच माह्यासंगं आल्ते." सिंधू हसायची, कुंकू कपाळाऐवजी नाकावर लागायचं, आणि विषय तिथेच मिटायचा.

माझ्या बाजूने तो कधीच मिटला नाही. आज तुम्ही मध्ये बोलू शकत नाही, तर सगळं पहिल्यापासून मांडतो.

लग्नाआधी माझ्या छातीत पाणी झालं होतं. रेल्वेच्या दवाखान्यात पाणी काढलं, इंजेक्शनं झाली, बरा होऊन मी गुड्स ऑफिसच्या खुर्चीवर परत बसलो. डॉक्टर म्हणाले, आता काही नाही. पण रेल्वे कॉलनीत डॉक्टरांपेक्षा नळावरच्या बायकांचं निदान जास्त चालतं. त्यांनी क्षय ठरवला. एक स्थळ आलं आणि गेलं. दुसरं आलं, पोहे खाऊन गेलं. कारण कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

तिसरं स्थळ तुमचं. सिंधूला पाहायला आम्ही सावद्याला आलो तेव्हा माझ्या वडिलांनी, नानांनी, आपणहून तुमच्या वडिलांना, आबांना, दुखण्याचं सगळं सांगून टाकलं. म्हणाले, मागून कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. आबा सुपारी कातरत ऐकत होते. "कळवतो," एवढंच म्हणाले. तेवढ्यात सिंधूने मला विचारलं होतं, "गाड्यांच्या शिट्ट्यांत झोप लागते का हो तुम्हाला?" पाहायला आलेल्या मुलाला उलट प्रश्न विचारणारी मुलगी मी पहिल्यांदाच पाहिली. घरी येताना गाडीत मी ठरवून टाकलं होतं, ही हवी. आणि आबांचं 'कळवतो' माझ्या छातीवर धोंड्यासारखं बसलं होतं. ह्या वेळीही नकार आला असता तर मी पुन्हा कुणाच्या दारी पोहे खायला गेलो नसतो.

मग पौष लागला. आपल्याकडे पौषात सोयरिकीचा शब्द काढत नाहीत. ना हो म्हणायचं, ना नाही, ना चौकशी करायची. महिनाभर दोन्ही घरांनी तोंडाला कुलूप लावून बसायचं. आणि अशा महिन्यात एका सकाळी तुम्ही आमच्या दारात उभे. गळ्यात मफलर, खांद्यावर घोंगडी, हातात दोन पिशव्या.

"मी काय म्हनतो बाबू, तोरणमाळ पाहून येऊ. पायी चढू. चार दिवस रजा टाका."

मला तिथल्या तिथे संशय आला. तोरणमाळची यात्रा महाशिवरात्रीला. पौषात तिथे कोण जातं? वारा माणसाला उडवून नेईल असे दिवस. बरं, तुम्ही केळीचे बागाईतदार. त्या थंडीत सावद्याचा माणूस बागेतून हलत नाही. रात्रीतून पारा उतरला की बांधावर पाचट पेटवून धूर करायचा, बुंध्याशी फुटलेली कोवळी पिलं सांभाळायची, हे काय मला ठाऊक नव्हतं? केळीला थंडी बाधण्याच्या ऐन दिवसांत बाग गड्यावर टाकून तुम्ही हवा खायला निघालात! आणि सावद्याचा शेतकरी विनाकामाचा डोंगर चढला असं मी आजवर ऐकलेलं नाही.

आत जाऊन मी कपडे भरू लागलो. आईने तिळाचे लाडू आणि ओव्याची पुरचुंडी दिली. नाना दाराशी आले, आवाज खाली करून म्हणाले, "जा. पण खोकू नकोस."

म्हणजे संशय मला एकट्यालाच आला नव्हता.

सुरत लाइनच्या पॅसेंजरने दोंडाईचा, तिथून एसटीने शहादा. गाडीभर तुम्ही केळीचं बोलत होता, वॅगनींचं बोलत होता, लग्नाचा 'ल' काढला नाही. शहाद्याच्या स्टँडवर चहावाल्याने आपल्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढी थंडीमा वर कोठे जाई राह्यनात भाऊ? तठे वारा मानूसले उभा ऱ्हाऊ देत नही. काय काम शे?" तुम्ही म्हणालात, "काम काही नाही." त्याने पैसे आधी मागून घेतले. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही.

डोंगराच्या पायथ्याच्या गावात शाळेच्या ओट्यावर रात्र काढून सकाळी चढायला लागलो. तिथून तुमचा खेळ सुरू झाला, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. पहिलं, पिशव्या. मोठीत पीठ, वांगी, पातेलं, दोन घोंगड्या. लहानीत तुमचं धोतर आणि लाडू. मोठी तुम्ही माझ्या खांद्यावर चढवलीत. "तुमी जवान हाये." तुम्ही माझ्याहून मोठे असलात तरी तिशीही ओलांडलेली नव्हती!

दुसरं, तुम्ही मला पुढे घातलंत. वाट मलाही माहीत नव्हती, तुम्हालाही नव्हती. तरी सबंध चढ तुम्ही माझ्या मागे. मी थांबलो की तुम्ही थांबायचात, दहा-पंधरा हात खाली, झाडाला हात लावून. मला कळत होतं, हा माणूस माझा श्वास ऐकतोय.

तिसरं तर फारच उघड होतं. "बाबू, काहीतरी बोलत राहा. गानं म्हना." चढावर गाणं! मी म्हटलं, गाणं येत नाही. "मंग टेसनं म्हना." आणि मी, गुड्स ऑफिसचा कारकून, सातपुड्याच्या चढावर मोठ्याने म्हणत निघालो, जळगाव, पाळधी, धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा. एकाही ठिकाणी दम लागू दिला नाही. नंदुरबारपाशी छाती फुटेल असं वाटलं, तेव्हा मी वळणाआड जाऊन दोन श्वास घेतले आणि नवापूर असं खणखणीत म्हटलं. तुम्ही खालून "व्वा" सुद्धा म्हणाला नाहीत. मला वाटलं, परीक्षक असाच असतो.

वर पोचलो आणि वाऱ्याने आपल्याला गाठलं. नर्मदेच्या अंगाने येणारा तो वारा तळ्यावरून थेट कानात घुसायचा. तळ्याचं पाणी काठावर आपटत होतं, गवत जमिनीला टेकलं होतं, आणि दूरच्या दोन-चार झोपड्या सोडल्या तर माणूस म्हणून कुणी नव्हतं. गोरखनाथाच्या देवळाजवळच्या पडवीत आपण मुक्काम टाकला. दिवस मावळायच्या आत भरीत करायचं ठरलं. तीन दगड मांडले, ओल्या काटक्या, वारा आडवातिडवा. तुम्ही मागे सरकून बसलात. "फुंका बाबू तुमी. मले धूर चालत नाही."

भाऊ, दर हिवाळ्यात बांधाबांधाने धूर करणारा माणूस मला सांगतो, धूर चालत नाही! मी तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही तळ्याकडे पाहिलंत. मी फुंकलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि शेवटी व्हायचं तेच झालं. मी खोकलो. एकदा नाही, चांगली उबळ येऊन खोकलो. नानांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तुम्ही तांब्या पुढे केलात. भरीत सुरेख झालं होतं, मला चव लागली नाही.

आणि सकाळी तुम्ही माझा रुमाल मागितलात. "द्या, तळ्यावर चाललोच हाये, खंगाळून आनतो." गवतावर दव पांढरं पडलेलं, पाण्यात हात घातला तर बोटं गळून पडतील अशी थंडी, आणि सावद्याच्या बागाईतदाराला एका कारकुनाचा रुमाल धुवायची हौस! मी पडवीच्या खांबाआडून पाहिलं. तुम्ही पाण्यात बुडवायच्या आधी रुमाल उघडून उजेडाला धरलात. लाल डाग शोधत होता तुम्ही. तेव्हा मला तुमचा राग आला, आणि सिंधू हातची गेली असं वाटून रडूही आलं.

परतताना सीताखाईच्या कडेला तुम्ही एका दगडावर बसलात. वारा खालून वर येत होता. तुम्ही बराच वेळ उठला नाहीत, दरीत पाहत राहिलात. ओठ निळे पडले होते. मी म्हटलं, थंडी. मला वाटलं, तुम्ही मनाशी निकाल लावताय, घरी जाऊन काय सांगायचं ते जुळवताय. माझ्याने राहवलं नाही.

"भाऊ, एक विचारू?"

"पौष निघाल्यावर विचारजा."

एवढंच. विचारावं तर मीच शब्द काढला असं होणार, न विचारावं तर जीव खालीवर. पौषाने माझं तोंड बांधलं होतं आणि तुम्हाला ते सोयीचं होतं.

माघ लागला आणि निरोप आला, मुलगी दिली. घरात पेढे वाटले, नानांनी तर नळावरच्या बायकांनाही दिले. मी आनंदाने वेडा झालो, पण त्या आनंदातही एक खडा राहिला. मला वाटायचं, मी पास झालो आहे, पण कायमचा नाही. तुम्ही आलात आणि "तब्येत?" असं विचारलंत की मी ताठ बसायचो. सर्दी झाली असली तर तुम्ही असेपर्यंत शिंकत नसे. सिंधूच्या पहिल्या बाळंतपणात तुम्ही आठवडाभर दवाखान्याच्या पायरीवर बसून होतात, बहात्तरच्या दुष्काळात तुमच्या विहिरीने तळ गाठला असताना आमच्याकडे धान्याचं पोतं पोचतं केलंत. इतकं कोण करतं? मी कृतज्ञ होतो, आणि तरी मनात यायचं, हा माणूस अजून लक्ष ठेवून आहे.

आता तुमच्या जाण्याबद्दल. जळगावच्या डॉक्टरांनी नाडी सोडली आणि बाहेर येऊन सांगितलं, हृदयाची झडप खराब होती. आजची नव्हे, लहानपणची. पोरवयात सांधे सुजून ताप येतो, त्यातून होतं. हा माणूस इतकी वर्षं चालला, फिरला हेच नवल. सगळे रडत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे तो चढ उभा राहिला. मोठी पिशवी माझ्या खांद्यावर का, ते कळलं. तुम्ही मागे का, ते कळलं. झाडाला हात लावून का उभे राहायचात, मला बोलतं ठेवून स्वतः का गप्प, विस्तव मला का फुंकायला लावलात. मी ज्याला माझी परीक्षा समजत होतो तो चढ तुम्ही एकेक श्वास मोजत चढत होता. रुमालाचं मात्र मी सोडणार नाही, भाऊ. रुमाल तुम्ही उजेडाला धरला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मला तुमचा फार राग आला. अजून आहे. असं हृदय घेऊन त्या वाऱ्यात जायचं? आणि माझ्यासाठी? का तुमच्या बहिणीसाठी? की आबांनी पाठवलं म्हणून?

त्याचं उत्तर दहाव्याहून घरी आल्यावर सिंधूने दिलं. तुम्ही तिला शपथ घातली होती, ती आता सुटली असं ती म्हणाली. आबांनी तुम्हाला पाठवलं नव्हतं. आबांचा नकार आधीच ठरला होता, पौष संपायची वाट होती. तुम्हीच त्यांना म्हणालात, मी पाहून येतो. पौष संपला त्या दिवशी तुम्ही आबांसमोर बसलात आणि सिंधू चुलीपाशी कान देऊन होती.

"तो डोंगर चढताना टेसनं म्हनत व्हता आबा," तुम्ही म्हणालात. "मले तं गोरखनाथाचं नावबी घेता येत नव्हतं."

आबा म्हणाले, "छातीचं दुखनं हाये त्या घरी मी पोरगी देनार नाही."

"मंग मले काबरं दिली यावलवाल्यानं पोरगी? त्याले सांगितलं व्हतं तुमी? या पोराच्या बापानं येऊन स्वतःहून सांगितलं, अन् तुमी माहं लपवलं. तुमी नाही म्हना. मी उद्याच यावलले जातो अन् सासऱ्याले सर्वं सांगून येतो."

म्हणजे, भाऊ, तुमच्या लग्नात तुमचं दुखणं लपवलं होतं, आणि ते चव्हाट्यावर आणायची धमकी देऊन तुम्ही मला बायको मिळवून दिलीत. आबा रात्रभर जागे राहिले म्हणे, आणि सकाळी निरोप निघाला. तुम्ही मला तपासलंत हे खरं, माझा संशय खरा होता. पण ज्या तराजूत मला घातलंत त्याच तराजूत स्वतः बसलात, हे सांगायला तुमची जीभ झडली असती का? भाऊबीजेच्या पाटावर बसून एकदा म्हणायचं होतंत. मी तुमच्या पाया पडलो असतो.

हे इथे संपलं असतं तर बरं होतं. तेराव्यानंतर तुमच्या घरून निघायची तयारी चालली होती. सिंधू आतल्या खोलीत आबांजवळ होती. आबा आता अंथरुणाला खिळलेत, तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या घरच्या, द्वारकावहिनी, ओसरीवर आल्या आणि माझ्यासमोर खाली बसल्या. तुम्ही गेल्यापासून त्या कुणाशी धड बोलल्या नव्हत्या.

"डाक्टर म्हने लहानपनापासून व्हतं," त्या म्हणाल्या. "मी सासूबाईले विचारलं, त्या म्हने आमाले काही माहीत नाही. चुलत सासऱ्याले विचारलं, ते म्हने डाक्टर काही बी सांगतात. तुमी त्याहिच्यासंगं तोरणमाळ चढले. तुमाले माहीत व्हतं?"

त्या माझ्याकडे अशा पाहत होत्या की मला पडवीच्या खांबाआडचा मी आठवलो. मी म्हटलं, "नाही वहिनी. डोंगरावर होतो तेव्हा मला काही माहीत नव्हतं."

"तेव्हा नव्हतं. अन् आता?"

आत आबा खोकले. सिंधूचा आवाज आला, पाणी देऊ का? मी सांगितलं असतं तर त्या म्हाताऱ्याला सून पुन्हा पाणी देईल की नाही याची खात्री नव्हती. सिंधूचं माहेर माझ्या एका वाक्यावर मोडलं असतं. आणि नाही सांगितलं असतं तर तुमच्या लग्नात जे वहिनींशी झालं, ते मी आज दुसऱ्यांदा केलं असतं. तुम्ही असतात तर काय केलं असतंत, हे मी शोधत बसलो नाही, भाऊ. तुम्ही यावलला जायला निघालाच होतात.

मी सगळं सांगितलं. लग्नाआधीपासून घरात माहीत होतं, त्यांच्या वडिलांपासून लपवलं, आणि माझी सोयरीक व्हावी म्हणून भाऊ ते उघड करायला निघाले होते. एकही शब्द मऊ केला नाही. मऊ केला असता तर माझ्याच्याने पुढचा निघाला नसता.

वहिनींनी ऐकून पदराची कड चोळली. मग म्हणाल्या, "तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपनारा मानूस हाये हा, हे मले पहिल्या थंडीतच कळलं व्हतं. मी इचारलं, तं त्याहिनी दुसऱ्या दिवशी सर्वं सांगितलं. म्हने, जायचं असंन तं जा, मी सोडून येतो. मी नाही गेली." डोळे पुसले नाहीत त्यांनी. "मले माहीतच व्हतं सर्वं. मले फक्त पाह्यचं व्हतं, या घरात आता मले खरं सांगनारं कोनी राह्यलं का."

मग उठल्या, आणि आबांच्या औषधाची वेळ झाली म्हणून आत गेल्या.